उजेडातली भरती

१

दामाजी नाखवा गेले त्याच्या पाचव्या दिवशी त्यांची सून मंजुळा माझ्या खिडकीशी आली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिने हळूच विचारलं, "काका, कुठल्या विषाने माणसाला पिवळं दिसायला लागतं?"

मी प्रभाकर गुप्ते, कंपाउंडर. कोपरीतल्या आमच्या धर्मार्थ दवाखान्याच्या खिडकीत बावीस वर्षं गोळ्यांच्या पुड्या बांधत बसलोय. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे मीच. लोक मला खाजेपासून ते पोरीच्या लग्नापर्यंत काहीही विचारतात आणि मी सगळ्यांवर सारखाच खेकसतो. पण विषाची चौकशी कुणी केली नव्हती. आणि तीही सुतकातल्या बाईने, डोळे सुजलेले असताना.

मी तिला म्हटलं, हा प्रश्न पोलीस चौकीत विचारलास तर तिथेच ठेवून घेतील. ती म्हणाली, तेच होणार आहे.

मग तिने सगळं सांगितलं. दामाजींचा धाकटा भाऊ नाथा. त्याने भरल्या घरात सगळ्यांसमोर सांगितलं होतं की माझा भाऊ मेला नाही, त्याला मारलाय, आणि मारणारी या घरातच स्वयंपाक करते. बाराव्याला कोळीवाड्यातली चार मोठी माणसं बसणार होती. मंजुळाने कोलशेतला माहेरी जायचं, ते कायमचं. चार वर्षांची हेमा इथेच राहणार. आणि नाथा चौकीवर तक्रार देणार. हे सगळं चाललं असताना तिचा नवरा, उत्तम, भिंतीला टेकून जमिनीकडे बघत बसला होता.

"मला जेलात टाका," ती म्हणाली. "पण पोर नका घेऊ देऊ त्यांना."

मी विचारलं, पिवळं म्हणजे काय. ती म्हणाली, मामंजींना दोन महिने अन्नावर वासना नव्हती, सारखं मळमळायचं, चक्कर यायची. आणि भात पिवळा दिसायचा. तिने तांदूळ तीन-तीन पाण्यांनी धुतले तरी ते ताट ढकलून म्हणायचे, हळद कशाला घातलीस.

माझ्या हातातली पुडी तशीच राहिली. असं पिवळं दाखवणारं विष मला चांगलं माहीत होतं. हृदयाची गोळी, डिजॉक्सिन. बरोबर मापात दिली तर दमलेल्या हृदयाला हात देते, माप चुकलं तर म्हातारं माणूस आतल्या आत बुडतं. आणि दामाजी नाखव्यांना ती गोळी दोन वर्षं याच खिडकीतून मीच देत होतो.

२

मंजुळा गेल्यावर मी दार लोटून दामाजींचं कार्ड काढलं. दर सोमवारी सात गोळ्या. त्यांची बायको जनाबाई यायची, रिकामी पुडी दाखवायची, भरलेली न्यायची. दोन वर्षांत ती कधी एक दिवसही आधी आलेली नाही. दर वेळी मी तेच वाक्य म्हणायचो, ते मला झोपेतही म्हणता येईल: रोज एक, ठरल्या वेळी, चुकवायची नाही. जनाबाई मान डोलवायची. सात दिवसांना सात. माझ्या बाजूने चूक नव्हती, आणि खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला आधी त्याचंच बरं वाटलं. मेलेल्या माणसाचं वाईट नंतर वाटलं.

पण मग जास्तीची गोळी आली कुठून?

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळी साडेआठला मी नाखव्यांच्या घरी गेलो. घर खाडीच्या तोंडावर. दारात उभं राहिलं की समोर खाडी, ओहोटीला नुसता चिखल आणि त्यात कलंडलेल्या होड्या. कारखान्यांच्या पाण्याने खाडीतली मासळी गेली तशी दामाजींनी होडी विकली आणि ते खाटेवर पडले ते पडलेच. ती खाट अजून भिंतीशी होती, फक्त अंथरूण नव्हतं.

नाथा मला ओसरीवरच भेटला. पासष्टीचा, अजून ताठ. मी कशाला आलोय ते कळल्यावर त्याने मला चांगलंच फैलावर घेतलं, म्हणाला तुमच्या दवाखान्याला दोन वर्षांत कळलं नाय ते आता काय कळणार. मग स्वतःच बोटांवर मोजत पुरावे सांगत बसला. मंजुळाला डोंबिवलीला स्वतंत्र बिऱ्हाड करायचं होतं, दामाजी उत्तमला सोडत नव्हते. भातात ती काहीतरी मिसळायची, म्हणून तो पिवळा दिसायचा. आणि सगळ्यात मोठा पुरावा त्याने शेवटी ठेवला होता.

"एकादशीला दादा बरा व्हायचा," नाथा म्हणाला. "दर एकादशीला. उठून बसायचा, माज्यासंगं पत्ते खेळायचा. दोन दिवस बरा, मंग परत तेच. एकादशीला आमच्यात उपास. त्या दिशी वयनी सोता रांधते, सुनेचा हात लागत नाय. आता तुमीच बोला."

महिन्यातून दोनदा, नेमक्या सुनेच्या हातचं न खाण्याच्या दिवशी, माणसाची तब्येत सुधारते. मी पोलीस असतो तर मीही तिलाच उचललं असतं.

आत जनाबाई भिंतीशी बसली होती. मी तिच्या दुःखाला शोभेल असं काहीतरी पुटपुटलो. तिने ऐकलं की नाही देव जाणे. नऊच्या सुमाराला ती अचानक उठली, दारात गेली, खाडीकडे बघितलं, परत येऊन माठातून पेला भरला आणि खाटेपाशी गेली. खाट रिकामी. ती पेला हातात धरून तशीच थोडा वेळ उभी राहिली आणि मग ते पाणी तुळशीत ओतून जागेवर येऊन बसली. मला तिथे बसवेना.

३

निघताना मी मंजुळाला चुलीपाशी गाठलं आणि सरळ विचारलं, तू त्यांना औषध म्हणून काही देत होतीस का? ती लगेच हो म्हणाली. रोज सकाळी आठच्या ठोक्याला एक गोळी. उत्तमने दसऱ्याच्या आसपास आणून दिलेली, पांढरी, बारीक, प्लास्टिकच्या डबीत. ताकदीची गोळी आहे म्हणाला, वेळ चुकवू नकोस. तिने घड्याळ लावून दिली.

दसऱ्याच्या आसपास. दुखणं तेव्हापासूनचं.

मी म्हटलं, ती डबी दाखव. तिचा चेहरा उतरला. डबी नव्हती. दामाजींचं अंथरूण, काठी, चष्मा असं सगळं खाडीत सोडलं त्यातच उत्तमने डबीही सोडली होती. मंजुळा अडवायला गेली तेव्हा तो तिच्यावर ओरडला होता.

"त्यात गोळ्या होत्या का अजून?"

"होत्या की. दर महिन्याला सात-आठ उरायच्याच," ती म्हणाली आणि जीभ चावली. हेही नाथाने ऐकलं होतं. त्याचा अर्थ त्याने लावला होता की सून औषधसुद्धा धड देत नव्हती.

मी चिडलो. एकतर ही बाई बनेल होती, नाहीतर जगातली सगळ्यात भोळी. रोज एक दिली तर सात-आठ उरतील कशा? ती म्हणाली, काही दिवस सासूबाई नको म्हणायच्या. कुठले दिवस ते तिला आठवेना. एवढ्यात उत्तम मागच्या दाराने आत आला, मला बघून थबकला आणि आल्या पावली परत गेला. ज्याच्या बायकोवर खुनाचा आळ आहे तो माणूस तिच्या बाजूने बोलायला आलेल्याला का टाळतो, हे मला कळेना.

४

उत्तम डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होता. बुधवारी मी तिकडे गेलो आणि कारखान्यातली माणसं ज्या डॉक्टरकडे जातात त्याचा पत्ता काढला. डॉक्टर तरुण, भला, घामाघूम झालेला. बाहेर चाळीस माणसं बसली होती. दामाजींचं नाव सांगितल्यावर त्याने केसपेपर काढून माझ्यापुढे ठेवला.

ऑक्टोबरात उत्तम वडिलांना घेऊन आला होता. दम लागतो, पाय सुजतात. डॉक्टरने बरोबर ओळखलं होतं आणि औषधही बरोबर दिलं होतं. डिजॉक्सिन, रोज सकाळी एक.

तीच गोळी. माझ्या पुडीतली आणि त्या डबीतली. म्हाताऱ्याच्या थकलेल्या शरीरात दोन महिने रोज दोन जात होत्या, एक सासूच्या हातून आणि एक सुनेच्या, आणि दोघींचा हिशोब चोख.

कागदावर खाली एक ओळ होती: सध्या चालू असलेली औषधे. त्यापुढे डॉक्टरने लिहिलं होतं, काही नाही.

संध्याकाळी मी उत्तमला कारखान्याच्या फाटकाबाहेर गाठलं. त्याला काही विचारावं लागलं नाही. तो स्वतःच बोलला. बाप धर्मार्थ दवाखान्यातल्या फुकटच्या गोळ्या खातो हे साहेबांच्या डॉक्टरपुढे सांगायची लाज वाटली. म्हणून नाही म्हणालो. चांगल्या डॉक्टरची गोळी सुरू झाल्यावर फुकटची आपोआप बंद होईल असं वाटलं. घरी? घरी ताकदीची आहे म्हणून सांगितलं, आईला वाईट वाटू नये म्हणून. नाथाने विषाचा आळ घेतला तेव्हा त्याला शंका आली, म्हणूनच डबी खाडीत सोडली, पण तोंड उघडायची हिंमत झाली नाही. रस्त्यावर उभा राहून तो रडत होता आणि पाळी सुटलेले कामगार बाजूने चालले होते. मला त्याची कीव आली आणि दोन ठेवून द्याव्यात असंही वाटलं.

कोडं सुटलं असं वाटून मी घरी आलो. हातपाय धुताना लक्षात आलं की सुटलेलं नाही. एकादशी उरली होती. रोज दोन गोळ्या जात होत्या तर एकादशीला माणूस बरा कसा व्हायचा? याचं उत्तर दिल्याशिवाय नाथा ऐकणार नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही ऐकलं नसतं.

५

गुरुवारी सकाळी मी परत नाखव्यांकडे गेलो. जनाबाईशी बोलायचं होतं पण शब्द सापडेनात, म्हणून नुसताच बसून राहिलो. साडेदहा झाले असतील. जनाबाई उठली. दारात गेली, खाडीकडे बघितलं, माठातून पेला भरला, रिकाम्या खाटेपाशी गेली.

मंगळवारी नऊ. आज साडेदहा.

मी तिच्या मागोमाग दारात जाऊन उभा राहिलो. समोरचा चिखल दिसत नव्हता. पाणी काठाला लागलं होतं आणि मघाशी कलंडलेल्या होड्या सरळ उभ्या होत्या.

मी विचारलं, "जनाबाई, नाखव्यांना गोळी कधी द्यायचात?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की हा काय विचारण्याचा प्रश्न झाला. "ठरल्या येलेला. तुमीच सांगितलेलात ना भाऊ. भरतीला. उजेडातल्या भरतीला एक. एक दिस चुकवली नाय."

बावीस वर्षं मी खिडकीतून ठरली वेळ, ठरली वेळ म्हणत आलो आणि माझ्या डोळ्यापुढे भिंतीवरचं घड्याळ होतं. हिच्या जन्मात घड्याळ नव्हतं. नवरा होडीवर निघायचा, परतायचा, जेवायचा, निजायचा ते सगळं पाण्याच्या वेळेवर. तिच्यासाठी दिवसात एकच ठरलेली वेळ होती आणि ती रोज पाऊण तासाने पुढे सरकत होती.

मग मी तिला शेवटचं विचारलं. सून आठला गोळी द्यायची, ती कधी अडवली का? ती म्हणाली, हो. भरती आठच्या आगेमागे असली की मी म्हणायचे, आता माझी द्यायची आहे, तुझी ठेव, दोन औषधं एकदम पोटात घालू नयेत. बाकीच्या दिवशी माझी दुपारी जायची नाहीतर संध्याकाळी, तेव्हा मध्ये वेळ असायचा, म्हणून काही बोलले नाही.

मी ओसरीवर नाथाकडे गेलो. त्याला म्हटलं, एक सांगा, एकादशीला भरती किती वाजता?

कोळ्याच्या पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. नाथाने वरही बघितलं नाही. "तिथीची पाऊणपट. अकराची पाऊणपट सव्वाआठ."

"दशमीला?"

"साडेसात. द्वादशीला नऊ." मग त्याने वर बघितलं. "का हो?"

मी म्हटलं, बाराव्याला सांगतो.

६

बाराव्याला जेवणं उरकल्यावर माणसं बसली. मंजुळा हेमाला मांडीवर घेऊन आतल्या दाराशी. जनाबाई भिंतीशी. आदल्या दिवशी उत्तमने मला सांगितलं होतं की पहिलं मी बोलतो, आणि तो बोलला. डॉक्टरपुढे खोटं बोललो तिथपासून सगळं. नाथा त्याच्या अंगावर धावून जाणार होता, मी मध्ये पडलो आणि म्हटलं आधी एकादशीचं ऐका.

मी सावकाश सांगितलं. घरात दोन ठिकाणांहून एकच गोळी येत होती आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. एक घड्याळाने जायची, एक पाण्याने. नवमी-दशमीपासून द्वादशीपर्यंत पाणी आठच्या आसपास यायचं, दोन्ही वेळा एकमेकींवर पडायच्या, आणि मग एकच गोळी पोटात जायची. एकादशीच्या आसपासचे तीन-चार दिवस, महिन्यातून दोनदा. मंजुळाच्या डबीत उरलेल्या सात-आठ गोळ्या त्याच. त्या दिवसांत नाखव्यांच्या अंगातलं विष उतरायचं म्हणून ते उठून बसायचे. मग भरती दुपारकडे सरकली की परत दोन. गेले ते सप्तमीला, सलग दहा दिवस दोन-दोन गोळ्या पोटात गेल्यावर. स्वयंपाकाचा यात काही संबंध नाही.

नाथा बोटांवर काहीतरी मोजत होता. दोनदा मोजलं. मग त्याने मंजुळाकडे बघितलं आणि मान खाली घातली. एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदा म्हातारा दिसला.

पुढचं मी घोकून आलो होतो. जनाबाईकडे न बघता म्हटलं की चूक असेल तर माझी. दोन वर्षं दर सोमवारी ही बाई माझ्यासमोर उभी राहायची, आणि आणखी कुणाचं औषध चालू आहे का, एवढं मी एकदाही विचारलं नाही. कधी देता तेही विचारलं नाही. तोंडपाठ वाक्य फेकलं आणि पुढच्याला बोलावलं. हे मी तिला वाचवायला म्हणणार होतो. म्हणताना कळलं की ते खरंच आहे.

सव्वादोन झाले होते. बाहेर होड्या सरळ झाल्या असतील, कारण जनाबाई उठली. सवयीने दाराकडे दोन पावलं टाकली आणि मध्येच थांबली. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने कोनाड्यातून माझी शेवटची पुडी काढली, उलगडली. तीन गोळ्या होत्या.

"म्हंजे मीच दिलं त्यांना," ती म्हणाली. "रोज. माज्या हातानी."

मंजुळा उठली. हेमाला तिने नाथाच्या शेजारी बसवलं, सासूच्या हातातली पुडी घेतली आणि तिच्या रिकाम्या हाताला धरलं.

"आई, तुम्ही एकट्याने नाही," ती म्हणाली. "दोघींनी दिलं आपण."

मग दोघी तिथेच उभ्या राहून रडल्या. मंजुळा कोलशेतला गेली नाही. तक्रारही झाली नाही. पण त्या घरात त्यानंतर बरेच दिवस कुणी मोठ्याने बोललं नाही, असं नाथानेच मला सांगितलं.

महिन्याभराने एका सोमवारी दोघी खिडकीशी आल्या. आमच्या डॉक्टरांनी जनाबाईला रक्तदाबाची गोळी लिहिली होती आणि ती घ्यायला तयार नव्हती. मंजुळा म्हणाली, काका, एकच हात देणार, आईंचा. मी नुसती बघणार. आणि आठ वाजता नको. त्यांना जी वेळ कळते तीच ठेवा.

मी पुडीवर लिहिलं, उजेडातल्या भरतीला एक. मंजुळाने ते मोठ्याने वाचून दाखवलं. जनाबाईने मान डोलवली. पुडी सरकवायच्या आधी मी विचारलं, आणखी कुठून काही गोळ्या आणता का, कुणी काही दिलंय का, घरात जुनं काही ठेवलंय का. आता मी सगळ्यांनाच विचारतो, रांग कितीही लांब असो, लोक कितीही कटकट करोत.

"आता इचारता, भाऊ?" जनाबाई म्हणाली, आणि पुडी पदराच्या टोकाला बांधून निघून गेली.